आठवणीवरची कथा कशी बांधावी: पानशेतच्या पुराचं एक उदाहरण घेऊन

जुन्या दिवसांचं वर्णन म्हणजे आठवणीवरची कथा नव्हे. वाडा, अंगण, तांब्याचा बंब, आजीच्या हातचा मेतकूट-भात हे सगळं कितीही नीट उतरलं तरी तो स्मरणरंजनाचा लेखच होतो. हा माणूस ही गोष्ट आज का सांगतोय, कुणाला सांगतोय आणि सांगता सांगता तिच्यात काय फिरवतोय, हे लेखकाला कळलं की कथा सुरू होते. आठवण फिरवणारा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. स्वतःबद्दल त्याने जे धरून ठेवलंय, त्यात ती आठवण बसावी एवढीच त्याची धडपड असते. त्याची ओळख वाचकाला दिसते ती याच धडपडीत.

याला मानसशास्त्राचा आधार आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितलं, काय करत होतात. सुमारे अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. अकरा जणांची सगळी मुख्य उत्तरं चुकली, आणि चुकणाऱ्यांपैकी अनेकांना आपल्या उत्तराची पक्की खात्री होती. स्वतःच्या हातचा कागद दाखवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, कथेच्या शेवटाकडे तो लागणार आहे.

पुढची सगळी पद्धत एकाच उदाहरणावर दाखवली आहे. साधारण ४,५०० शब्दांची कथा धरली आहे. पात्र काल्पनिक आहे, घटना खरी. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही गेलं, आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांमधले मातीच्या भिंतींचे वाडे कोसळले. विमल तेव्हा नऊ वर्षांची. आज ती एकाहत्तर वर्षांची आहे, डोंबिवलीत राहते आणि सासरी तिचं नाव अनुराधा आहे.

आधी तारखा, मग खरं काय ते

वहीत तीन तारखा लिहा: घटना कधी घडली, ती पहिल्यांदा कधी सांगितली गेली, आणि कथेतला ‘आज’ कोणता. शेजारी पात्राचं त्या त्या वेळचं वय. मधली तारीख बहुतेक लिहिणारे विसरतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट माणूस थेट साठ वर्षांपूर्वीहून आणत नाही. मागच्या वेळी जशी सांगितली, तशी ती त्याला आठवते. पुरासारख्या गोष्टी तर शेकडो वेळा सांगून झालेल्या असतात.

मग एका पानावर, स्वतःपुरतं, खरं काय घडलं ते लिहून ठेवा. दोनशे-अडीचशे शब्द पुरे. आमच्या उदाहरणात ते असं: विमल उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशकाला मावशीकडे गेली, तिथे तिला गोवर आला, म्हणून जूनमध्ये शाळा सुरू झाली तरी ती परतली नाही. पूर आला त्या दिवशी ती नाशकातच होती. सहा वर्षांच्या बाळूला काकांनी खांद्यावर घालून बाहेर काढलं. विमल परतली तेव्हा पाणी ओसरलं होतं, वाड्याच्या जागी गाळाचा ढीग होता आणि त्यात कुठलातरी रॉकेलचा डबा फुटून वास मारत होता. घरात ज्याच्याबाबतीत काहीच घडलं नाही असं माणूस एकच, ते म्हणजे ती.

कथेचं इंजिन या शेवटच्या वाक्यात आहे. ते सापडेपर्यंत पहिला परिच्छेद लिहू नये. ‘मोघम ठेवू, वाचक ठरवेल’ हे धोरण इथे चालत नाही. वाचकाला संदिग्ध ठेवायचं असेल तरी लेखकाला नक्की माहीत असावं लागतं, नाहीतर तपशील दहाव्या पानावर एकमेकांच्या अंगावर पडतात.

तीन वेळा सांगायला लावा

आठवण एकदाच आली तर वाचक तिला माहिती समजतो. तीच आठवण दुसऱ्यांदा थोडी वेगळी आली की तो सावध होतो आणि तिसऱ्यांदा माणसाकडे बघायला लागतो. म्हणून तीन. चौथी वेळ सहसा जड होते.

ऑगस्ट १९६१. शाळेत, बाकावरच्या मैत्रिणीला:

“आमच्या वाड्यात म्हणे माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी आलं. बाळूला काकांनी खांद्यावर घालून नेलं. आईच्या मशीनचं लाकडी झाकण वाहून गेलं, मशीन नंतर गाळात मिळालं.”

१९७३. डोंबिवलीत, भाजी निवडताना, थोरल्या जावेला:

“तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं, जाऊबाई. काकांनी आम्हाला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. आईचं शिवायचं मशीन गेलं त्यात.”

२०२३. नात मोबाइलवर रेकॉर्ड करतेय:

“मी तिसऱ्या पायरीवर उभी होते. पाणी पायाला लागलं, गार, आणि रॉकेलचा वास. काकांनी मला उचललं. मागे वळून बघते तर आईचं मशीन पाण्यावर हेलकावे खात चाललंय.”

काय बदललं ते बघा. ‘म्हणे’ पहिल्यांदा गळलं. ‘बाळूला’चं ‘आम्हाला’ झालं आणि ‘आम्हाला’चं ‘मला’. झाकणाचं मशीन झालं, आणि लोखंडी मशीन काही पाण्यावर हेलकावे खात नाही. हुशार वाचकासाठी एवढी एक फट ठेवायची, तिच्यावर बोट ठेवायचं नाही. तिसरी पायरी मात्र तिन्ही वेळा तिसरीच आहे. प्रत्येक सांगण्यात दोन-तीन गोष्टी हलवा आणि एक ठाम ठेवा. सगळंच हललं तर वाचकाला वाटतं लेखकच विसरला.

आणखी एक गोष्ट, जी नवख्यांकडून हमखास उलटी होते. काळ गेला की आठवण धूसर होत जाते असं धरून शेवटचं सांगणं अंधुक लिहिलं जातं. प्रत्यक्षात वारंवार सांगितलेली गोष्ट घासून चकचकीत होते. वास, स्पर्श, गारवा हे शेवटच्या सांगण्यात वाढलेले असावेत. तपशील जिवंत आहे म्हणून तो खरा आहे असं नसतं, आणि तो पूर्ण हवेतूनही येत नाही. रॉकेलचा वास विमलला खरोखर आला होता, फक्त नंतर, गाळात. उसन्या प्रत्येक तपशिलाला असा खरा उगम ठेवला की पात्र लबाड वाटत नाही.

प्रश्न विचारणारा कोण आहे हेही जपून ठरवा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटार-अपघाताची तीच फीत दाखवली आणि प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. गाड्या ‘एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या’ अशा धर्तीचं क्रियापद वापरल्यावर लोकांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने, मुळात नसलेली फुटकी काच आठवणारेही त्याच गटात जास्त निघाले, ५० पैकी १६. साधं क्रियापद ऐकलेल्यांत ५० पैकी ७. म्हणून नातीला “आजी, काय झालं होतं?” असं विचारू देऊ नका. “आजी, तुला भीती वाटली का पाणी पायाशी आल्यावर?” असं विचारू द्या. पाणी पायाशी प्रश्नातच आलेलं आहे, आजीला फक्त हो म्हणायचंय.

क्रियापदांचं काम

मराठीत आठवणीची निम्मी कारागिरी क्रियापदात होते. “काकू पहाटे बंब पेटवायची” यात दहा वर्षं येतात. “काकूने बंब पेटवला” यात एक पहाट येते. ‘-यची, -यचा’ हे रूप इतकं सुखाचं असतं की लिहिणारा त्यात दोन-दोन पानं रमतो आणि काहीच घडत नाही. सवयीच्या भूतकाळात तीन-चार वाक्यं लिहून झाली की ‘त्या दिवशी’ आणलंच पाहिजे आणि साध्या भूतकाळात उतरलं पाहिजे. ‘पेटवी, बसे, जाई’ ही जुनी रूपं निवेदकाचं वय वीस वर्षांनी वाढवतात. निवेदक तरुण असेल तर टाळा.

दुसरी अडचण ‘होतं’ची. मागे जायचं म्हणून ‘गेली होती, आली होती, सांगितलं होतं’ अशी रांग लागते आणि गद्य लंगडतं. मागे जाताना पहिली दोन वाक्यं ‘होतं’ने लिहा, वाचक तिथे पोहोचला की साधा भूतकाळ घ्या. परत यायला आजच्या काळातली एखादी ठोस कृती द्या: कुकरची शिट्टी, दारावरची बेल, नातीचा प्रश्न. तीन टिंबं टाकून परतू नका.

खात्रीच्या पायऱ्या तर भाषेने आयत्याच दिल्या आहेत. ‘आलं म्हणे’ हे ऐकीव, ‘आलं असावं’ हा अंदाज, ‘आलं असणार’ हा ठाम अंदाज, ‘आलं’ म्हणजे घडलं, आणि ‘येतंय’ म्हणजे डोळ्यांसमोर. पात्राला या पायऱ्या हळूहळू चढवा. वरच्या तीन सांगण्यांत विमल पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीवर गेली आहे, आणि तिला स्वतःला ते कळलेलं नाही.

निवेदक स्त्री की पुरुष हे काही काळ झाकायचं असेल तर ‘मी गेलो’, ‘मी गेले’ ही रूपं टाळून ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’ अशी सकर्मक वाक्यं वापरता येतात, कारण तिथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. एखाद पान निभतं. त्यापुढे कसरत दिसायला लागते.

नाव, ‘आम्ही’ आणि कागदपत्रं

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं गेलं आणि विमलची अनुराधा झाली. त्या पिढीत हे इतकं सरसकट होतं की लेखक त्यावर एक हळवा परिच्छेद लिहून पुढे जातो. त्यापेक्षा कोण काय हाक मारतं याची यादी करा. सासरी सगळ्यांची अनुराधा, नातीची आजी, सोसायटीत काकू, आणि ‘विमाताई’ म्हणणारा एकटा बाळू उरलेला. आई-वडील गेले, वाडा गेला, माहेरचं नाव गेलं. पूर ही विमलच्या मालकीची शेवटची गोष्ट आहे. तिने ती घट्ट का धरली ते आता सांगावं लागत नाही.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ही तपासा. १९७३ च्या प्रसंगात ती “आमच्याकडे पाणी शिरलं तेव्हा” असं म्हणते, आणि जाऊबाई मेथीची जुडी सोडता सोडता म्हणतात, “आमच्याकडे म्हणजे आता इथे हं.” या वाक्यावर विमलची प्रतिक्रिया लिहू नका. पुढच्याच वाक्यात ती पुराची गोष्ट सांगायला लागते, एवढंच ठेवा.

आजच्या काळात काहीतरी पणाला लागलेलं हवं, नाहीतर आठवण नुसती तरंगत राहते. पूरग्रस्तांना पुण्यात नव्या वसाहतींमध्ये जागा मिळाल्या होत्या. तशा एका सोसायटीचा आता पुनर्विकास होतोय असं धरा. वडिलांच्या नावची जागा, वारसांची नोंद, बाळूला विमलचं हक्कसोडपत्र हवंय. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विमल, आधारवर अनुराधा. म्हणून ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करावं लागणार. इथे फार मोह होतो, कथा त्या सहीवर संपवायचा. सही मधेच उरकून टाका, चहाच्या कपाशेजारी, पेन चालत नाही म्हणून दुसरं घेऊन. प्रतीक म्हणून ती इतकी उघड आहे की शेवटी ठेवली तर बाकी सगळं तिच्याखाली चिरडतं.

चाळवणारी वस्तू

पाऊस नको. पुराची कथा आहे आणि बाहेर पाऊस पडतोय म्हणून आठवलं, हे वाचकाने शंभर वेळा वाचलंय. चहात बुडवलेल्या केकच्या तुकड्याने अख्खं बालपण उघडणारा फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचा प्रसिद्ध प्रसंग १९१३ मध्ये छापून आला, पण त्याच्या आधीच्या खर्ड्यात तिथे साधा भाजलेला पाव होता. म्हणजे त्यानेही वस्तू आठवली तशी न ठेवता निवडली. आपणही निवडायची. कसोटी दोन: वस्तू कथेच्या आजच्या कामात आधीपासून हजर असली पाहिजे, आणि तिने नको ती आठवण चाळवली पाहिजे. आमच्या उदाहरणात शाळा सोडल्याचा दाखला ती वस्तू आहे. नावासाठी तो काढला, आणि त्यासोबत ठेवलेल्या प्रगतिपुस्तकात जुलै १९६१ च्या हजेरीचा रकाना कोरा दिसला. पूर आला म्हणून शाळा बंद होती, की ती पुण्यात नव्हतीच म्हणून? दोन्ही शक्य आहे. पुरावा असाच अर्धवट ठेवा. ट्रंकेतून सगळं उलगडणारं पत्र निघालं की कथा तिथेच संपते.

विसरणं लिहायचं असेल तर

डोक्यावर फटका बसून नाव-गाव विसरणं आणि दुसऱ्या फटक्याने परत आठवणं हे सिनेमात चालतं. स्मृतिभ्रंशात सहसा ताजं आधी जातं, जुनं टिकतं. माणूस सकाळचा चहा प्यायल्याचं विसरतो, पण शाळेतली कविता म्हणतो. हातांची सवय त्याहून चिवट असते. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. तरी आरशात बघून चित्र गिरवायचं कसब ते सरावाने शिकले, आपण सराव केल्याचं मात्र त्यांना दर वेळी आठवत नसे. म्हणून मुलीचं नाव विसरलेल्या बाईच्या हातची भाकरी गोल येऊ द्या. आणि तोच प्रश्न पुन्हा विचारणं पानभर लिहू नका. दोनदा विचारला की पुरे, तिसऱ्यांदा घरच्यांचं तोंड दाखवा.

किती आणि कुठे

४,५०० शब्दांत आजचा काळ किमान २,७०० असावा. तिन्ही सांगणी मिळून पाच-सहाशे. उरलेला भूतकाळ तुकड्यांत, आणि एकही तुकडा छापील पानापेक्षा, म्हणजे सुमारे तीनशे शब्दांपेक्षा लांब नको. त्यापुढे वाचक आजचं माणूस कुठे बसलंय ते विसरतो, आणि परत आणायला अर्धा परिच्छेद जातो. पहिलं सांगणं पहिल्या दोन पानांत यावं. दुसऱ्याला फारसा गाजावाजा नको. तिसरं दोन-तृतीयांश कथा झाल्यावर.

त्यानंतर बाळूचा प्रसंग. नातीने रेकॉर्डिंग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि बाळूचा फोन आला: “विमाताई, तू त्या दिवशी नाशकात नव्हतीस का?” तो बरोबर आहे. पण तो तेव्हा सहा वर्षांचा होता, आणि आज त्याला सही हवी आहे. तिची आठवण कच्ची ठरली तर त्याचा काही फायदा नाही असं नाही. दोघांपैकी कुणालाही न्यायाधीश करू नका. सत्य कळल्यावर विमलला लख्ख आठवलं, रडू फुटलं, असं लिहायचं नाही. चॅलेंजरच्या प्रयोगातले लोक आठवा: कागद समोर असूनही जुनं परत आलं नाही. विमल पुढे काय करते याला तीन वाटा आहेत. ती भावाला उडवून लावते, ती गप्प बसते आणि पुढच्या वेळी गोष्ट तशीच सांगते, किंवा ती ‘म्हणे’ परत लावते. तिसरी वाट आम्हाला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात चांगली वाटते, कारण एका अव्ययात माणूस वाकताना दिसतो. पहिली वाट नाटकात शोभते.

कच्चा खर्डा झाला की दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. एका रंगाने पात्राच्या चुका, दुसऱ्याने आपल्या. आपल्या एकूणएक काढायच्या: १९६१ मध्ये दशमान नाणी येऊन चार वर्षं झाली होती, हिशेब नव्या पैशांत होत होता आणि बोलण्यात आणे टिकून होते, लकडी पूल पाण्याखाली गेला होता, त्या आठवड्याचे ‘केसरी’ आणि ‘सकाळ’चे अंक ग्रंथालयात बसून चाळा. पात्राची चूक ठेवायची, पण ती पात्राचीच आहे हे कथेतल्या कुणालातरी माहीत असलं पाहिजे. समजा विमल म्हणाली, “टीव्हीवर सारखं दाखवत होते पूर.” मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. वाचकाला वाटेल लेखक चुकला. नातीला फोन खाली न ठेवता विचारू द्या, “आजी, तेव्हा टीव्ही होता?” आणि आजीला म्हणू द्या, “नसेल. तू रेकॉर्ड कर.”